बोलून केलेला अर्ज

हे गेल्यानंतर मी आटगावच्या घरात एकटी राहू लागले. घर यांनीच बांधलेलं. बांधलं तेव्हा आजूबाजूला भाताची शेतं होती आणि शेजारी दोन कुटुंबं राहायची. पुढे शेजाऱ्यांनी जागा विकल्या, तिथे मुंबईच्या लोकांचे बंगले झाले. ते लोक शनिवार-रविवारी येतात, गाणी लावतात आणि जातात. बाकी आठवडाभर गेटांना कुलपं. एक रखवालदार सगळ्या बंगल्यांचं बघतो, पण तो फार बोलत नाही. शहापूरच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, दिवसभर बोलून घसा बसायचा. आणि आता दिवसात तोंडून शब्द निघायचा तो सकाळी दूधवाल्याशी आणि संध्याकाळी मुलीच्या फोनवर. मुलगी नागपूरला असते. तिचं एकच म्हणणं होतं की घर विकून टाक आणि माझ्याकडे ये. एकटीसाठी एवढं घर कशाला उघडं ठेवायचं, असं ती विचारायची. प्रेमानेच विचारायची. मी भाजीचं काहीतरी काढून विषय बदलायचे.

अशात एक दिवस माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती ठाण्याला एका संस्थेत काम करते, चाळिशी ओलांडली आहे, पण माझ्यासमोर अजून खुर्चीच्या कडेवर बसते. तिच्या संस्थेकडे एक निधी आला होता, समुद्राकाठच्या आणि खाडीकाठच्या गावांसाठी. हवामान बदलतंय, पूर्वी जिथे भरतीचं पाणी येत नव्हतं तिथे ते येतंय, शेतं खारी होताहेत. तर अशा गावांनी तग धरण्यासाठी काय हवं ते स्वतःच ठरवावं आणि त्यासाठी अनुदान मागावं, अशी ती योजना होती. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी फोनवर बोलून अर्ज पाठवला तरी चालणार होता. अडचण एवढीच होती की निवड करणाऱ्या समितीतले बरेच लोक बाहेरचे होते, त्यांना मराठी येत नव्हतं.

"बाई, तुम्ही फक्त ऐकायचं आणि इंग्रजीत लिहून द्यायचं," ती म्हणाली.

मी हसले. माझा जन्म मुरबाड तालुक्यातला, डोंगराच्या कुशीतला. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेची सहल घेऊन गेले तेव्हा, आणि त्या दिवशीही पाण्यापेक्षा मुलांकडेच जास्त बघत होते. मला त्यातलं काय कळणार, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, माणसं काय बोलतात ते कळलं तरी पुष्कळ आहे. जाताना तिने एक नियम सांगितला, की निकाल लागेपर्यंत अर्ज करणाऱ्यांशी अर्जाबद्दल बोलायचं नाही. आमच्या अंगणात बसून समुद्रकाठच्या कोणाशी मी बोलणार होते, ते मला कळलं नाही, पण मी मान हलवली.

दुपारची जेवणं, म्हणजे माझं एकटीचं जेवण झालं की मी कानात इअरफोन घालून तिने पाठवलेले अर्ज ऐकत बसायचे. पहिले काही दिवस मला फक्त शब्द ऐकू येत होते. मग शब्दांच्या मागचं ऐकू यायला लागलं. एक म्हातारे गृहस्थ बोलत असताना मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि त्यांची सून मधूनच त्यांना आठवण करून देत होती, विहिरीचं सांगा, विहिरीचं राहिलं. एका अर्जात होडीचं इंजिन सुरू होत नव्हतं आणि बोलणारा माणूस दर वाक्यानंतर दोरी ओढत होता. कुठे कोंबड्या, कुठे शाळेतला पाढ्यांचा गलका. मी टेप मागे घेऊन पुन्हा पुन्हा ऐकायचे. लिहिण्यासाठी म्हणून ऐकायचे असं स्वतःला सांगायचे, पण खरं तर लिहून कधीच झालेलं असायचं. त्या आवाजांनी माझं घर भरल्यासारखं वाटायचं. कानातलं काढलं की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज केवढा मोठा आहे ते कळायचं.

त्यातच त्या बाईचा अर्ज आला.

खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका लहान गावातली ती बाई, तिथल्या बचतगटाची प्रमुख. आवाज जाडसर, घाई नसलेला. तिने आधी गावाचं सांगितलं. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा बांध आहे, त्या बांधात एक लाकडी झडप आहे, तिला त्यांच्याकडे उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की उघाडी उघडते आणि पावसाचं पाणी खाडीत जातं, भरती आली की ती मिटते आणि खारं पाणी बाहेर राहतं. आता उघाडी कुजली होती, बांध खचला होता आणि भरती पूर्वीपेक्षा उंच यायला लागली होती. शेतात मीठ बसलं, भात होईना, विहिरीचं पाणी तोंडात धरवेना. तरणी माणसं कामाला बाहेर गेली ती तिकडेच राहिली. तिचा मुलगा मुरबाडच्या एमआयडीसीत कारखान्यात लागला होता. घरी ती आणि तिची सासू. मुलगा मुरबाडला असल्यामुळे म्हशाच्या जत्रेत सुकी मासळी विकायला आपण दर वर्षी जातो, तेवढाच त्याच्याकडे मुक्काम होतो, असंही तिने मध्येच सांगून टाकलं. अर्जाशी त्याचा काही संबंध नव्हता. बहुतेक तिला कोणीतरी सांगितलं असावं की सगळं सांगा, आणि ती सगळं सांगत होती.

आणि मग बोलता बोलता ती थांबली. कोणाला तरी म्हणाली, "आये, पाय वर घ्या. पानी आलं."

काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. भांडी उचलल्याचा झाला. मग थोडा वेळ नुसताच खळखळाट, अगदी हलका, नळ चालू राहिल्यासारखा. मग तीच बाई पुन्हा फोनजवळ आली आणि म्हणाली, "हां. तर बांधाचं सांगत होते." आणि जिथे सोडलं होतं तिथून तिने पुढे सुरू केलं. आवाजात काहीच बदल नव्हता. तिच्या घरात खाडी शिरली होती आणि ती बांधाला दगड कुठून आणता येईल ते सांगत होती.

मी तो भाग कितीतरी वेळा ऐकला. इंग्रजीत लिहिताना अडले. ती जे बोलली ते लिहायचं होतं, पाण्याचं तर तिने अर्जात काही म्हटलं नव्हतं, ते फक्त ऐकू आलं होतं. शेवटी मी त्या जागी एक ओळ घातली, की इथे बोलणाऱ्या बाईंच्या घरात भरतीचं पाणी आलं, त्यांनी सासूला पाय वर घ्यायला सांगितलं आणि मग बोलणं चालू ठेवलं.

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. लहानपणी वडील आम्हाला तिथे न्यायचे, घोंगडी घ्यायला आणि बैल बघायला. लग्न झाल्यापासून मी गेले नव्हते. त्या वर्षी गेले. सकाळच्या एसटीने शहापूरहून मुरबाड आणि तिथून जीपने म्हसा. मुलीला सांगितलं की माहेरची आठवण आली. ते खोटं नव्हतं, पण माझ्या डोक्यात तो आवाज होता.

बैलबाजार ओलांडून मी घोंगड्यांच्या पालांकडे गेले. त्यांच्या पलीकडे सुक्या मासळीवाल्या बसतात. धूळ, उन्हाची तिरीप आणि नाकात बसणारा तो वास. एकेका गोणपाटापुढे मी उभी राहायचे, भाव विचारायचे, आवाज ऐकायचे आणि पुढे जायचे. बायका वैतागत असतील. मग मागून कोणीतरी गिऱ्हाइकाला म्हणालं, "हात लावून बघा ना, ओले नायत." आणि मी वळले.

मला वाटलं होतं ती आडव्या बांध्याची असेल. ती किडकिडीत होती, माझ्यापेक्षा थोडी लहान, कानात जुन्या पद्धतीच्या कुड्या. समोर बोंबील, जवळा, करदी. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि बोंबील चाळायला लागले. तिने विचारलं, घरात माणसं किती. किती द्यायचे त्याचा अंदाज घ्यायला विचारलं होतं. मी म्हटलं, एकटीच. तिने माझ्याकडे बघितलं आणि हातातले अर्धे बोंबील परत ढिगावर टाकले.

"मग थोडेच न्या," ती म्हणाली. "एकटीला सरत नाय."

मी विचारलं, कुठून आलात. ती म्हणाली, खाडीवरनं, तुमाला नाय माहीत व्हायचं. मला तिचं घर माहीत होतं. पाणी आलं की कोण पाय वर घेतं तेही माहीत होतं. सांगावंसं फार वाटलं. पण नियम होता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मला काय म्हणून सांगायचं तेच सुचेना. मी तुमचं बोलणं ऐकलंय, असं एखाद्या परक्या बाईला बाजारात कसं म्हणायचं? मी जवळ्याचा भाव विचारला, करदीचा विचारला, मुलंबाळं किती ते विचारलं. ती उत्तरं देत राहिली, मधून दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे बघत राहिली. मी बराच वेळ तिथे बसले. मग उठले, कारण बसून राहायला आणखी काही कारण उरलं नव्हतं.

घरी आल्यावर बोंबील भाजले. वास सगळ्या घरात भरला. पहिला घास घेतला आणि यांची फार आठवण आली. यांना बोंबील आवडायचे आणि मी वासावरून कुरकुर करायचे.

पुढच्याच महिन्यात विद्यार्थिनीचा फोन आला. समितीने काही अर्ज बाजूला काढले होते, त्यात त्या बाईचाही होता. पण तिच्या अर्जाबद्दल एक प्रश्न होता, आणि तो मी फोन करून विचारावा असं ठरलं होतं, कारण सगळं मला माहीत होतं. प्रश्न असा होता की गावातली निम्म्याहून जास्त घरं बंद आहेत, उरलेलीही थोड्या वर्षांत बंद होतील, मग बांध कोणासाठी घालायचा. विद्यार्थिनी थोडी ओशाळली होती. म्हणाली, त्यांच्या बाजूनेही खरं आहे बाई, निधी थोडा आहे आणि गावं खूप आहेत. मलाही ते खरं वाटलं. म्हणूनच फोन लावायला मी दुपारपर्यंत थांबले.

मी माझी ओळख सांगितली, निधीच्या कामातून बोलतेय असं म्हटलं, आणि प्रश्न जमेल तितका मऊ करून विचारला. पलीकडून काही आवाज आला नाही. फोन कट झाला असं वाटून मी हॅलो म्हटलं.

"ऐकतेय," ती म्हणाली. "आमी हाव ना हितं. आमी माणसं नाय का?"

मी म्हटलं, तसं त्यांचं म्हणणं नाही. ती म्हणाली, ते मला कळतंय, मला विचार करू द्या. मी थांबले. मागे सासूचा खोकला ऐकू येत होता.

"माझा पोरगा शिमग्याला येतो," ती सावकाश म्हणाली. "गावातली सगळी पोरं येतात, कोन कुठनं, कोन कुठनं. दारं उघडतात, झाडतात, होळी लावतात. कुठं येतात ती? घरी येतात. आता घरच पान्यात गेलं तर ती कुठं येतील? मुरबाडच्या खोलीला त्यो घर बोलत नाय, रूम बोलतो. एवढं लिवा."

मी लिहून घेतलं. तिचेच शब्द, जसेच्या तसे. आभार मानून फोन ठेवणार इतक्यात ती म्हणाली, "तुमी म्हशाला आल्ता ना?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"एकटीच हाव म्हणालात. बोंबील नेलेत. शाळेतल्या बाईसारखं बोलत होता, तवाच माझ्या ध्यानात राह्यलं. तुमाला तवा ठावं होतं मी कोन ती?"

मी हो म्हटलं. ती रागावेल असं वाटलं. ती म्हणाली, मग सांगायचं होतं, जास्त दिले असते. आणि हसली. मीही हसले, आणि हसताना माझ्या लक्षात आलं की या घरात मी कितीतरी दिवसांत हसले नव्हते.

त्या संध्याकाळी मुलीने नेहमीप्रमाणे घराचा विषय काढला. या वेळी मी भाजीकडे वळले नाही. मी तिला विचारलं, तू दिवाळीला येतेस तेव्हा कुठे येतेस? ती म्हणाली, म्हणजे काय, घरी येते. मी म्हटलं, मग ते असू दे. ती बरं म्हणाली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. पुढे कधीकधी मला वाटायचं, काढावा. निदान तेवढा वेळ ती फोनवर राहायची.

अनुदान मंजूर झालं. मागितलेलं सगळं मिळालं नाही. बांध आणि उघाडी मिळाली, मासळी वाळवायचा ओटा राहिला. उन्हाळ्यात काम चाललं तेव्हा तिचे फोन येत राहिले, आणि काम पुरं झाल्यावर तिने मला बोलावलं. दोन गाड्या बदलून, शेवटी टमटमने मी तिथे पोहोचले. मला वाटलं होतं ऐकून ऐकून ते गाव मला पाठ झालं आहे, पण तसं नव्हतं. बंद घरं एवढी असतील असं वाटलं नव्हतं. काहींच्या कुलपांना गंज होता, काहींची कुलपंही गेली होती. तिच्या घरात सासूची खाट विटांवर चढवलेली होती आणि भिंतीवर पाण्याने ओढलेली पांढुरकी रेघ होती. सासूने माझा हात धरला, तिला मी कोण ते कोणी नीट सांगितलं नसावं, तिने मला तिच्या माहेरची कोणी समजून बरीच चौकशी केली. मी सगळ्याला हो म्हटलं.

बांधावर बायका जमल्या होत्या. बाहेर राहणारी पोरंही रविवार पाहून आली होती, त्यांनीच दगड वाहिले होते. सगळे बांधावर खाली बसले. माझ्यासाठी कोणीतरी धावत जाऊन प्लास्टिकची खुर्ची आणली. मी नको म्हणत होते, पण त्यांनी ऐकलं नाही. मग त्या एवढ्या माणसांत मी एकटी खुर्चीवर बसले होते, आणि बोलणं माझ्या गुडघ्यांच्या उंचीवर, खालीच चाललं होतं. कोणाच्या नवऱ्याची चेष्टा, कोणाच्या लग्नाचं. मध्येच कोणाला आठवण झाली की ती मान वर करून विचारायची, बाई, चाय घेनार? दुपारी ओहोटी लागली तेव्हा त्या बाईने मला उघाडी दाखवली. नवं लाकूड, त्याला काळं डांबर. पाण्याच्या जोराने ती आपोआप उघडली. ती बाई हात कमरेवर ठेवून बघत राहिली. मीही बघत राहिले.

श्रावणात मोठं उधाण आलं त्या दिवशी तिचा फोन आला. मागे वारा एवढा होता की ती ओरडून बोलत होती.

"बाई, बांधाला लागलं आनि मागं फिरलं. अंगनात नाय आलं."

तिने फोन खाडीकडे धरला, मला ऐकवायला. मला नुसता वाराच ऐकू आला. तरी मी कान लावून उभी राहिले.

त्यानंतर मला वाटत होतं की सगळं आता असंच चालेल. पण गणपतीनंतर तिची सासू गेली. मी भेटायला जायचं म्हणत होते, पाऊस आणि गुडघे यात राहून गेलं. दसऱ्याच्या सुमारास तिने फोन केला तो मुरबाडहून. मुलगा ऐकेना, आजी होती तोवर ठीक, आता तू तिथे एकटी काय करणार असं म्हणून तो तिला घेऊन आला होता. शेताचं काय विचारलं तर म्हणाली, पावसाने मीठ धुतलं गेलंय, गटाच्या बायकांनी थोड्या जागेत लाल भात लावलाय, खाऱ्यात तग धरतो तो, आणि उभा राहिलाय. तिच्या आवाजात आनंद होता, आणि तो आनंद सांगायला ती दुसऱ्याच गावातून फोन करत होती. तिचं घर बंद झालं होतं. ज्यांनी समितीत तो प्रश्न विचारला होता त्यांच्याकडे ही गोष्ट पोहोचली असती तर ते काय म्हणाले असते, असं माझ्या मनात आलं. मी कोणाला ते कळवलं नाही. मला कोणी विचारलंही नाही.

दिवाळीनंतर निधीचे नवे अर्ज येतील म्हणून मी इअरफोन काढून पुसून ठेवले होते. विद्यार्थिनी पेढे घेऊन आली. आता संस्थेने एक नवी सोय घेतली होती, संगणक स्वतःच मराठी ऐकतो आणि इंग्रजीत लिहून देतो. मला वाईट वाटू नये म्हणून ती मुद्दाम घरी आली होती, हे तिने सांगितलं नाही, पण तिच्या बसण्यावरून कळलं. मला दाखवायला तिने एक जुना अर्ज त्यातून काढला. मी चष्मा लावून वाचला. चांगलं होतं. चुका होत्या, पण माझ्याही असायच्या. मी तसं म्हटलं. ती खूप वेळ थांबली, भांडी घासून देऊ का म्हणाली, मी नको म्हटलं. ती गेल्यावर मी पेढे रखवालदाराला दिले. तो म्हणाला, काय खुशखबर? मी म्हटलं, असेच.

दुपार पुन्हा पूर्वीसारखी लांब झाली. काही दिवस सवयीने मी जेवण झाल्यावर टेबलाशी जाऊन बसायचे. मग एका सकाळी उठून मुरबाडची एसटी धरली.

तिची खोली चाळीत वरच्या मजल्यावर होती. मुलगा पहिल्या पाळीला गेलेला. एक खिडकी, ती शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. तिने मला पाहून पदर सावरला, चहा टाकला. आम्ही समोरासमोर बसलो आणि मला धक्का बसला तो हा, की आम्हाला बोलायला काही सुचेना. फोनवर ती बोलायची तेव्हा तिच्यामागे खाडी असायची, सासू असायची, गटाच्या बायका, भांडणं. इथे मागे काहीच नव्हतं. मी तिला मुलाच्या पाळ्यांचं विचारलं. तिने माझ्या गुडघ्यांचं विचारलं. मग ती म्हणाली, "हितं मला भरती कधी न ओहोटी कधी तेच कळत नाय. झोपताना पन कळत नाय." मी म्हटलं, मला तर कधीच कळलं नव्हतं. तिने मान डोलावली. चहा संपल्यावरही आम्ही कप हातात धरून बसलो होतो.

एकदा मला वाटलं तिला म्हणावं, माझ्याकडे राहायला चला. घर मोठं आहे, अंगण आहे. पण तिच्या मुलाला ते कसं वाटलं असतं, आणि तिला तरी कसं वाटलं असतं? आटगावलाही काही खाडी नाही. मी ते बोलले नाही. पुढच्या वेळी बोलू असं मनाशी ठरवलं, आणि पुढच्या वेळीही बोलले नाही.

त्या दिवशी ती मला सोडायला स्टँडपर्यंत आली. स्टँडच्या भिंतीला टेकून एक बाई वालाच्या शेंगा विकत होती. तिने या बाईला लांबूनच हाक मारली, आज उशीर गो, असं म्हणाली. ही म्हणाली, पाव्हनी आल्यात. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि लगेच दुसरंही काहीतरी वाटलं, त्याला मी नाव देणार नाही. गाडी लागली तेव्हा मला खिडकीची जागा मिळाली. मी बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि हात करायला बाहेर पाहिलं. ती शेंगावालीच्या शेजारी पोत्यावर बसली होती. एक शेंग मोडून दाणा बघत होती आणि काहीतरी सांगत होती, तोच जाडसर, घाई नसलेला आवाज असणार. दुसरी ऐकत होती. काचेमुळे मला शब्द ऐकू येत नव्हते. कंडक्टर तिकिटाला आला, कुठे म्हणाला. मी म्हटलं, शहापूर. गाडी वळेपर्यंत त्या दोघी बोलतच होत्या.